पाणकावळा माझा, सर्पपक्षी शेजारच्यांचा

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "अहो, शेजारच्यांबद्दल जे काही बोलायचंय ते आजपासून हिच्याशी बोला. माझे कान किटले." मला हे मान्य नाही. मी शेजारच्यांबद्दल बोलतच नाही. आज सकाळपासून चार-पाच वेळा विषय निघाला असेल, तोही कारणाने.

शेजारचे म्हणजे माझा थोरला भाऊ. मधे छातीएवढी भिंत, अलीकडे माझी शेड, पलीकडे त्यांची. धंदा एकच, बागांसाठी सिमेंटचे प्राणी करायचे. हरणं, ससे, बेडूक, आणि तोंड वासून उभे असलेले पेंग्विन, ज्यांच्या तोंडात लोक कचरा टाकतात. वडील होते तोवर सगळं एकत्र होतं. आतला सळयांचा सांगाडा मी बांधायचो, वरची कलाकुसर हे शेजारचे करायचे. अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर त्यांनी माझ्या हरणाकडे बोट दाखवून म्हटलं, "कान धाकट्याने केलेत, म्हणून तसे आहेत." तेव्हापासून बोलणं बंद. वाद कानांचा नाही, तत्त्वाचा आहे. कोणत्या तत्त्वाचा ते सवडीने लिहीन.

आज बगीचा खात्याच्या साहेबबाईंनी दोघांनाही एकाच वेळी बोलावलं. बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला मी बसलो, दुसऱ्या टोकाला ते. मधे कुणाची तरी छत्री होती. आत गेल्यावर बाईंनी सांगितलं की तळ्याकाठी नवी बाग होतेय, आणि पाण्यातल्या चौथऱ्यावर तळ्यावरचेच दोन मोठे, मासे खाणारे पक्षी शेजारी शेजारी हवेत. एक पाणकावळा आणि एक सर्पपक्षी. चौदा डिसेंबरला उद्घाटन. ज्याचा पक्षी सरस, त्याला बागेतले उरलेले दहा पक्षी.

एवढं काम मिळालं तर दोन वर्षं पेंग्विन करावे लागणार नाहीत.

मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं काम दणकट असतं, तुम्ही पाणकावळा घ्या. यांचं नाजूक असतं, हे सर्पपक्षी करतील."

दणकट! शेजारचे तेव्हा खाकरले. ते खाकरणं सर्दीचं नव्हतं.


५ नोव्हेंबर, बुधवार

तळ्यावर गेलो. पुलाजवळच्या बाकावर एक बाई दुर्बीण घेऊन बसतात. निवृत्त शिक्षिका आहेत. तळ्यावरच्या एकूण एक पक्ष्याची त्यांच्याकडे नोंद आहे, आणि पुतळे बरोबर झालेत की नाही ते त्याच ठरवणार आहेत. सगळे त्यांना पक्षीबाई म्हणतात.

"पाणकावळा कुठे दिसेल?" मी विचारलं.

"तुमच्या समोर बसलाय तो."

एका बुंध्यावर काळा, जाडसर पक्षी दोन्ही पंख पसरून बसला होता. आंघोळ करून आलेला माणूस टॉवेल सापडेपर्यंत उभा राहतो ना, अगदी तसा. पक्षीबाईंनी सांगितलं की त्याची वरची पिसं भिजतात. त्यामुळे खोल बुडी मारणं सोपं जातं, पण नंतर उन्हात वाळत बसावं लागतं.

"आणि सर्पपक्षी?"

"तोही भिजतो. तो बघा, पाण्यात." मला आधी सापच वाटला. अंग सगळं पाण्याखाली, फक्त लांबलचक मान बाहेर, आणि ती मानही अशी डौलात हलत होती की जणू तळं त्याच्या वडिलांनी बांधलंय.

थोडक्यात फरक असा. माझ्या पक्ष्याची चोच टोकाला आकड्यासारखी वाकलेली, त्यात एकदा मासा सापडला की सुटत नाही. त्यांच्या पक्ष्याची चोच सरळ, सुईसारखी. तो मासा पकडतच नाही, भोसकतो, मग वर येऊन हवेत उडवतो आणि तोंडात झेलतो. जेवताना खेळ करायची गरज काय? माझा पाण्याखाली पाय मारत माशाच्या मागे धावतो, राबून खातो. त्यांचा हळूहळू जवळ सरकतो आणि संधी साधतो.

मी काही कुणाचं नाव घेतलेलं नाही. पक्ष्यांबद्दल लिहितोय.


८ नोव्हेंबर, शनिवार

आज तळ्याच्या पलीकडच्या काठाला, तिकीटखिडकीच्या आडून, शेजारचे दुर्बिणीतून बघताना दिसले. मी बायकोच्या मावसभावाची दुर्बीण मागून आणली होती, तिच्यातून मला ते स्पष्ट दिसत होते. त्यांची दुर्बीण सर्पपक्ष्यावर नव्हतीच, पाणकावळ्यावर होती. पाऊण तास! माझ्या कामात खोडी काढायची तयारी, दुसरं काय?

मग दुर्बीण थोडी वर झाली आणि आम्ही एकमेकांच्या भिंगात आलो. मी लगेच आकाशाकडे वळवली. त्यांनीही वळवली. आकाशात काहीच नव्हतं, तरी आम्ही दोघंही बराच वेळ तेच बघत होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने वहीकडे बोट दाखवलं.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगाडा उभा राहिला. साडेसहा फूट. असा सांगाडा या गावात दुसरा कुणी बांधून दाखवावा. त्यावर हत्ती उभा राहिला तरी हलणार नाही.

बायको चहा घेऊन आली, चारही बाजूंनी फिरली आणि म्हणाली, "हा पेंग्विन एवढा मोठा कुणाला हवाय?"

मी चहा घेतला नाही. नंतर घेतला.


१९ नोव्हेंबर, बुधवार

आज वाईट दिवस. जाळी ठोकून सिमेंटच्या मालाचा पहिला हात मारून झाला होता. दूधवाला आला, पैशांवरून बायकोशी बोलत बोलत त्याने बिस्किटाचा पुडा संपवला, आणि रिकामा कागद सहजपणे माझ्या पाणकावळ्याच्या तोंडात टाकून निघून गेला.

त्याची चूक नाही. मी पुढे उभा राहून बघितलं. तोंड वासलेलं, पोट पुढे, हात अंगाशी. सव्वीस वर्षं मी पेंग्विन करतोय, हाताला तेच वळण पडलंय. डोळे तळ्यावर पाणकावळा बघून येतात आणि हात घरी बसून पेंग्विन करतात.

दुपारी पक्षीबाई तपासणीला आल्या. बराच वेळ गप्प राहिल्या. शिक्षिका गप्प राहिली की निकाल कळतोच.

"तोंड बंद करा," त्या म्हणाल्या. "पंख पसरा. मान थोडी बाकदार हवी, आणि चोचीचा आकडा कुठाय? हा काय चिमटा आहे?"

"करतो."

"तुम्हा दोघांची गंमत आहे हं. ते शेजारचे गृहस्थ काल भेटले, तर त्यांनी सर्पपक्ष्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पाणकावळ्याचा आकडा नक्की कुठून वळतो, किती वळतो, कागदावर काढून द्या म्हणाले. दिला काढून."

म्हणजे शेजाऱ्यांना माझी चूक माझ्या आधी कळली, आणि ती लिहून ठेवायला ते कागदही घेऊन गेले. शत्रूने निदान शत्रूसारखं समोरून यावं.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मधल्या भिंतीवर जाड तारेचा एक वाकवलेला तुकडा पडलेला दिसला. त्यांच्याकडचं भंगार आता माझ्या भिंतीवर टाकतात! परत फेकणारच होतो, पण हातात घेतल्यावर जाणवलं की वळण चांगलं आहे. पुढे सरळ, आणि मग टोकाशी एकदम खाली. चोचीला लावून बघितलं तर तंतोतंत बसलं.

भंगार वाया कशाला घालवायचं, म्हणून वापरलं.


२४ नोव्हेंबर, सोमवार

तोंड बंद केलं, पंख कापून पसरवले. आता पेंग्विन वाटत नाही. एखाद्या लठ्ठ माणसाने मिठी मारायला हात पसरलेत असं वाटतं. प्रगती आहे.

दुपारी पाण्याच्या टाकीत काही अडकलंय का बघायला स्टुलावर चढलो. तिथून शेजारची शेड दिसते, त्याला माझा इलाज नाही. सर्पपक्षी उभा आहे. खोटं कशाला लिहू, सुरेख आहे. पाठीवरची रुपेरी पट्टेदार पिसं एकेक करून काढलीत. नऊ फूट उंची, त्यातली मान जवळजवळ साडेचार. आणि त्या साडेचार फुटी मानेत सळई किती? एक! एकच, करंगळीएवढी!

जेवताना घास गिळवेना. त्यांना सांगाड्यातलं काही म्हणता काही कळत नाही. वडील असताना ते माझं काम होतं.

संध्याकाळी बायको भिंतीजवळ दोरीवरचे कपडे काढत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "लांब मानेला एका सळईने भागत नसतं. चार लागतात, आणि दर वीतभर अंतरावर रिंग."

"मला का सांगताय?"

"सहज. सामान्य ज्ञान म्हणून."

"मग एवढ्या मोठ्याने का?"

"तुला ऐकू कमी येतं हल्ली."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीकडे, मग मोठ्याने म्हणाली, "चार सळया! दर वीतभर रिंग! ऐकलं!" आणि हसत घरात गेली. बायकांना कधी कशाचं हसू येईल सांगता येत नाही.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून शेजारी रिंगा वाकवल्याचा आवाज येतोय. लोकांचं खाजगी बोलणं चोरून ऐकायचं आणि वापरायचं! काय म्हणावं या वृत्तीला?

आज घास नीट गिळला. दोन वेळा वाढून घेतलं.


३ डिसेंबर, बुधवार

हल्ली रोज तळ्यावर जातो. कामासाठी जायची गरज राहिलेली नाही, पण पाय वळतात.

आज एक गोष्ट बघितली. ज्या बुंध्यावर माझा पाणकावळा वाळत असतो, त्याच बुंध्याच्या वरच्या फांदीवर सर्पपक्षी येऊन बसला. दोघांचेही पंख पसरलेले. एकमेकांकडे ढुंकूनही बघत नव्हते. एक तास बसले, वाळले, उडून गेले. पक्षीबाई म्हणाल्या की रोज असंच चालतं. मासे मारायची पद्धत वेगळी, घरटी वेगळी, पण वाळत घालायची जागा एक.

"भांडत नाहीत?" मी विचारलं.

"जागेवरून चोची दाखवतात कधीकधी. पण उठून कुणी जात नाही."

येताना वहिनी रस्त्यात भेटल्या. वहिनींशी माझं बोलणं आहे, त्यांचा काही दोष नाही. म्हणाल्या, "तुमचे पंख छान झालेत असं म्हणत होते हे."

"त्यांनी कधी बघितले?"

"आमच्याही टाकीत अडकतं हो काहीतरी."


११ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

खात्याने दोन पक्ष्यांसाठी एकच ट्रक पाठवला. आडवे घातले तर सर्पपक्ष्याची पिसं घासली जातील, म्हणून दोन्ही उभेच बांधले. पण कुणीतरी धरून बसायला हवं होतं. चालक म्हणाला, "ज्याचा त्याने धरा." मागे हौद्यात मी पाणकावळ्याला कवटाळून उभा, समोर ते सर्पपक्ष्याच्या कमरेला मिठी मारून उभे. मधे दोन हात अंतर. अकरा वर्षांत एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. कानावरचे केस पांढरे झालेत. चष्म्याची काडी तारेने बांधलीय, आणि बांधलीय तीही चुकीच्या बाजूने पीळ देऊन.

अर्धा तास कुणी बोललं नाही. ते एकटक माझ्या पक्ष्याच्या चोचीकडे बघत होते. मी रस्त्याकडे बघत होतो, म्हणूनच मला दिसलं की बागेच्या दाराला नवीन कमान बांधलीय, आणि ती सर्पपक्ष्याच्या डोक्यापेक्षा हातभर खाली आहे. ट्रक थेट तिच्याकडे निघाला होता.

मी ओरडलो, "दादा, मान!"

आणि दादाने मान खाली घातली. स्वतःची.

धाडकन आवाज झाला. सिमेंटचे टवके उडाले, चालकाने करकचून ब्रेक मारला, आणि सर्पपक्ष्याची मान पार वाकडी होऊन खाली झुकली. दादा डोकं झाकून खाली बसलेला. मग त्याने वर बघितलं, मानेकडे बघितलं, आणि अकरा वर्षांनंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"अरे गाढवा, कुणाची ते सांग ना!"

"घाईत जेवढं सुचलं तेवढं बोललो!"

"घाईत? अकरा वर्षं होती की विचार करायला!"

चालक खाली उतरून आला. आम्ही दोघंही इतक्या मोठ्याने ओरडत होतो की तो पुन्हा वर जाऊन बसला.

साहेबबाई आल्या. पक्षीबाईही पुलावरून धावत आल्या. साहेबबाईंनी मानेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "रविवारी उद्घाटन आहे. हे नाही चालणार. आपण एकटा पाणकावळाच बसवू." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अभिनंदन. उरलेले दहा पक्षी तुमचे."

दादा खाली पडलेले टवके गोळा करून खिशात भरत होता. एवढी एवढी पिसं. काय करणार होता त्यांचं कोण जाणे. मी या दिवसाची किती वेळा कल्पना केली असेल. कल्पनेत मी दरवेळी शांतपणे हसून नमस्कार करायचो.

"पाणकावळा एकटा बसत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तसा तो बसत नाही. शास्त्रात तसं आहे. विचारा यांना."

हे धादांत खोटं होतं. त्याच क्षणी समोर पाण्यातल्या खांबावर एक पाणकावळा एकटाच, मजेत बसलेला होता. पक्षीबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढी वर्षं खरं शिकवलेल्या बाई. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"या तळ्यावर दोघं एकाच बुंध्यावर वाळतात," त्या म्हणाल्या. "एकच ठेवला तर मी सही करणार नाही."

साहेबबाई म्हणाल्या, "परवा सकाळी नऊपर्यंत. नाही जमलं तर दोन्ही झाकून टाकीन."


१२ डिसेंबर, शुक्रवार

पहाटेपासून चौथऱ्यावर होतो. पायाखाली फळ्या, फळ्यांखाली पाणी. मी मानेवरचा फुटका माल काढला. आत चार सळया, दर वीतभर अंतरावर रिंग. चार होत्या म्हणूनच मान वाकली, तुटून पडली नाही. एक असती तर डोकं पाण्यात गेलं असतं.

"कुणीतरी चांगला सल्ला दिलेला दिसतोय," मी म्हटलं.

"भिंतीपलीकडे एक माणूस बायकोशी फार ओरडून बोलतो," दादा म्हणाला. मग माझ्या पक्ष्याच्या चोचीवरून त्याने अंगठा फिरवला. "आकडा बरा बसलाय."

"भंगार होतं ते."

"हो. भंगारच होतं."

मी सळया सरळ करायला पाना लावला, तेवढ्यात काठावरून पक्षीबाई ओरडल्या, "थांबा! सरळ करू नका!" आम्ही दोघंही दचकलो. त्या फळीवरून तोल सावरत आल्या. त्यांनी सांगितलं की सर्पपक्ष्याची मान सापासारखी गोल वळत नाही. मधे एका मणक्याशी तिला कोपरासारखा कोन असतो. त्या कोनातून मान झटक्यात सुटते आणि चोच माशात घुसते. "तुमची मान सुंदर होती, पण चुकीची होती. मी सांगणार होते, धीर होत नव्हता. आता कमानीने बरोबर केलीय."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, "एवढा खर्च करून फोडायची काय गरज होती, तोंडाने सांगितलं असतं तर?" आणि मग आम्हाला हसू आवरेना. फळी हलायला लागली तसं पक्षीबाईंनी आम्हाला वर्गात दटावतात तसं दटावलं.

मी कोन पक्का बांधला, जाळी गुंडाळली. दादाने माल चढवला. तो थोडा घट्ट होईपर्यंत थांबायचं होतं, तर हा गप्प बसेना. थापी घेऊन माझ्या पाणकावळ्याकडे गेला.

"ही पिसं आहेत की कौलं?"

"दणकट आहेत."

"गळणार नाहीत एवढं नक्की." आणि मला न विचारता डावा पंख खरवडून त्याने नव्याने पिसं काढायला घेतली. मी अडवणार होतो. पण त्याचा हात चालताना बघितला की कुणालाही अडवावंसं वाटत नाही. दुपारी बायको आणि वहिनी एकाच डब्यातून जेवण घेऊन आल्या. डबा इतका मोठा होता की तो घाईत शोधलेला वाटला नाही.

उजव्या पंखाला वेळ उरला नाही. तो तसाच, माझाच राहिला.


१४ डिसेंबर, रविवार

उद्घाटन झालं. भाषणं झाली, एकही पक्ष्यांबद्दल नव्हतं. कालची मुदत आम्ही पाळली होती, आणि मानेवरची ओली गोणपाटं आज सकाळीच काढली.

आता सरस कुठला ते ठरवायची वेळ आली. पक्षीबाईंनी अहवालात लिहिलं होतं की पाणकावळ्याचं बळ उत्तम, डावा पंख उत्कृष्ट, उजवा सुधारण्यास वाव. सर्पपक्ष्याची पिसं उत्कृष्ट, मान शास्त्रशुद्ध. साहेबबाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "यातलं कुणी काय केलंय?"

दादा म्हणाला, "कान सोडले तर सगळं दोघांनी."

"पक्ष्यांना कुठे कान असतात?"

"म्हणूनच बरे झालेत," दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण तो राग नीट जमला नाही. साहेबबाई म्हणाल्या की त्यांना दोन-दोन फायली ठेवायला कपाटात जागा नाही, तेव्हा उरलेले दहा पक्षी आम्ही एकत्रच करावेत. एका अर्जावर दोन सह्या. दादाने आधी केली, कारण तो थोरला. मी त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरात केली.


१८ डिसेंबर, गुरुवार

भांडण झालं.

यादीतला पुढचा पक्षी झोळीवाला, म्हणजे चोचीखाली मोठी कातडी पिशवी असणारा. दादाचं म्हणणं, पिशवी भरलेली दाखवू, मासा आत हलतोय असं वाटलं पाहिजे. मी म्हटलं, भरलेली पिशवी पुढे गेली की सगळं वजन पुढे जातं, पक्षी तोंडावर पडेल. तो म्हणाला, तुला वजनापलीकडे काही दिसत नाही. मी म्हटलं, तुला वजन दिसत नाही म्हणून कमान दिसली नाही. तो म्हणाला, कमान दिसली नाही कारण मी तुझी चोच बघत होतो. मी म्हटलं, कुणी सांगितलं होतं बघायला? वहिनी खिडकीत आल्या, बायको दारात आली, दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि आत गेल्या.

दुपारभर मी विचार केला. शेवटी भिंतीला वळसा घालून त्याच्या शेडमध्ये गेलो आणि सरळ तोंडावर सांगितलं, "दादा, आजपासून आपलं बोलणं बंद."

तो तारेची झोळी वाकवत होता. मान वर न करता म्हणाला, "बरं. चार वाजता येताना तुझा मोठा पाना घेऊन ये, हा माझ्याकडून वळत नाहीये."

पावणेचारला गेलो.